अकाउंटचं खरेदीखत

माझ्या धाकट्या दिरांना स्टँप पेपरची भारी हौस. शंभर रुपयांचा स्टँप, त्यावर इंग्रजीत टाइप केलेला मजकूर, कोपऱ्यात फोटो, खाली दोन साक्षीदार आणि शिवाजीनगरला कोर्टाबाहेर बसणाऱ्या नोटरीचा गोल शिक्का. एवढं झालं की त्यांच्या लेखी जगातली कुठलीही वस्तू कायदेशीर. जुनी स्कूटर असो, गाळ्याचं भाडं असो, नाहीतर कॉम्प्युटरवरच्या गेममधलं अकाउंट असो. तो शिक्का आजही कुठल्या कागदावर दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

भाऊजी हिंजवडीत एका कंपनीत होते. मंदीत नोकरी गेली. घरात मात्र "मी सोडली" असंच बोलायची पद्धत आहे, आणि कोणी दुरुस्त करत नाही. लग्न करायचं राहिलं, ते राहूनच गेलं. वारज्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही सगळे एकत्र: सासूबाई, आम्ही नवराबायको आणि भाऊजी. नोकरी गेल्यावर त्यांनी पुलाजवळ एक गाळा भाड्यानं घेतला, कॉम्प्युटर मांडले, आणि अकोला-अमरावतीकडून आलेल्या, कुठे चिकटलेल्या नसलेल्या इंजिनिअर पोरांना पगारावर गेम खेळायला बसवलं. खोटं वाटेल, पण हा धंदा होता. ऑनलाइन गेममध्ये शिरायचं तर आपलं खातं, म्हणजे अकाउंट, उघडावं लागतं. त्यात आपलं एक पात्र असतं. महिनोन् महिने खेळत राहिलं की ते पात्र वर चढतं, त्याच्याकडे घोडे, शस्त्रं, घरदार जमतं. युरोपात अशी पुष्कळ माणसं आहेत, की ज्यांना हे सगळं आयतं हवं असतं. भाऊजींची पोरं पात्रं मोठी करायची आणि भाऊजी ती अकाउंटं तिकडं विकायचे. कोणी विचारलं काय करता, तर म्हणायचे "एक्सपोर्ट". तोंड वर करून.

मी जर्मन शिकवते. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. अकरावीला मार्क मिळतात म्हणून शिकतात, आयटीत पगार वाढतो म्हणून शिकतात, मुलगा स्टुटगार्टला आहे म्हणून साठीतल्या आयाही येऊन बसतात. बोलायला मात्र कोणी नाही. मुलांशी मी जर्मन बोलायचे ती सावकाश, शब्द तोडून, लहान बाळाला भात भरवावा तशी. मी स्वतः जर्मनी पाहिलेली नाही. परकीय भाषा अशी नुसती शिकवत राहिलं की ती तोंडात सुकायला लागते. मला ते जाणवत होतं आणि भीती वाटत होती.

एका विद्यार्थ्यानं सांगितलं, मॅडम, अमक्या गेममध्ये एक फक्त जर्मन माणसांचा सर्व्हर आहे, हेडफोन लावून गप्पा मारत खेळतात. मी चाळिशीच्या आतबाहेर होते तेव्हा. लाज वाटली, पण घरी येऊन भाऊजींना विचारलं. दर महिन्याला वर्गणी भरायला परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड लागायचं, आणि घरात ते एकट्या भाऊजींकडे होतं. "पाच मिनिटांचं काम आहे, वहिनी," ते म्हणाले. त्यांचा ई-मेल, त्यांचं कार्ड, त्यांचं नाव. पासवर्ड तेवढा माझा. वर्गणीचे पैसे दर महिन्याला मी माझ्या शिकवणीतून त्यांच्या हातावर ठेवत होते, आणि एकही महिना चुकवला नाही.

त्या गेममध्ये माणसं गट करून राहतात. त्याला त्यांचा एक शब्द आहे, मी मनात मंडळच म्हणायचे. आमच्या मंडळात सगळे पन्नाशीच्या पुढचे. बोलण्याचा प्रोग्रॅम गेमहून वेगळा, त्यात शिरलं की एकमेकांचे आवाज कानात. तिकडची रविवारची सकाळ म्हणजे आपली दुपार, घर सगळं जेवून आडवं झालेलं. माझं पात्र वैद्याचं. लढणारे पुढे, मी मागे, कोणी जखमी झालं की औषध माझ्याकडे. वैद्यबाई आल्याशिवाय कोणी डोंगराकडे निघायचं नाही. एक उत्तरेकडची पोस्टातून निवृत्त झालेली बाई होती, तिचा आवाज खरखरीत, हसली की खोकला लागायचा. मी काही तिरकस बोलले की ती इतकी हसायची, की बाकीच्यांना थांबावं लागायचं. माझं बोलणं जर्मनमध्ये लोकांना विनोदी वाटतं, हे मला तिथं कळलं. घरी त्याला माझ्या जिभेला हाड नाही असं म्हणतात. नऊ वर्षं मी दर रविवारी तिथं होते. माझं बोलणं संपेपर्यंत थांबणारी माणसं मला दुसरीकडे कुठं भेटलेली नाहीत, हे मी आत्ताही तोंडावर कोणालाही सांगेन.

मग एकदा भाऊजी चहा घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. स्वतःचाच नव्हे, माझाही चहा घेऊन. तेव्हाच मी ओळखलं, की काहीतरी फुकटचं काम आहे.

"वहिनी, जर्मनीतलं एक गिऱ्हाईक विचारतंय, तुमच्याकडून अकाउंट घेतलेलं युरोपच्या कायद्यात बसतं का म्हणून. तुम्हाला भाषा येते. जरा बघता का?"

आमच्या घरात "जरा बघता का" म्हणजे दोन आठवडे मान मोडून बसा. मी बसले. खरं सांगायचं तर मला त्यात गोडी वाटली. जर्मन कायद्याची वाक्यं लांबलचक असतात, क्रियापद शेवटी येईपर्यंत माणूस श्वास धरून बसतो. मी वाचलं आणि त्यांना सरळ सांगितलं. युरोपच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं म्हटलंय, की सॉफ्टवेअरची एखादी प्रत कंपनीनं कायमची म्हणून विकली, तर तिच्यावरचा कंपनीचा अधिकार तिथं संपला. घेणारा ती पुढे विकू शकतो, इंटरनेटवरून उतरवून घेतलेली असली तरी. भाऊजींचे डोळे चमकले. मी म्हटलं, थांबा, हुरळून जाऊ नका. ते प्रतीबद्दल आहे. अकाउंट म्हणजे प्रत नव्हे. तो कंपनीनं तुमच्याशी, तुमच्या नावाशी केलेला करार आहे. जर्मनीच्या वरच्या कोर्टात नेमका हाच प्रश्न गेला होता. त्यांनी सांगितलं, की गेमच्या सीडीचा डबा तुमचा, डबा खुशाल विका, पण अकाउंट दुसऱ्याला द्यायचं नाही अशी अट कंपनी घालू शकते. आणि डब्यातल्या चकतीचा नंबर एकदा अकाउंटला जोडला, की ती चकती दुसऱ्याच्या काही कामाची नाही. म्हणजे रिकामा डबा विकायचं स्वातंत्र्य तुम्हाला पुरेपूर.

भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे पागडी!"

सासऱ्यांची नारायण पेठेत पागडीची खोली होती, तिच्या व्यवहारावर हे दोघे भाऊ वाढलेले. जागा मालकाची, ताबा आपला, आणि ताबा विकायचा. जगातला प्रत्येक व्यवहार त्यांना त्या खोलीसारखाच दिसतो.

"पागडी नाही," मी म्हटलं. "पागडीत मालक आपला वाटा घेतो आणि नव्या माणसाच्या नावानं पावती फाडतो. इथं मालक पावती फाडत नाही. त्याला कळलं तर तो खोलीला कुलूप ठोकतो, आतल्या सामानासकट."

"तुरुंग?"

"तुरुंग नाही. कराराचा भंग. पण कुलूप नक्की."

"कळलं तर ना?" भाऊजी म्हणाले आणि उठले. माझा कप तिथंच ठेवून गेले, तो मी विसळला.

त्यानंतर त्यांनी प्रत्येक विक्रीचं स्टँप पेपरवर खरेदीखत करायला सुरुवात केली. अमुक अकाउंट, त्यातल्या पात्रासह, घोड्यांसह, "तहहयात आणि वंशपरंपरा" अमुक इसमास विकले. हा शब्दप्रयोग सासऱ्यांच्या जुन्या कागदातून उचललेला, त्याचं इंग्रजी त्यांचं त्यांनीच केलं. मला म्हणाले, जर्मनमध्ये करून द्या. मी म्हटलं, भाऊजी, असला कागद जर्मन माणसाला पाठवलात तर तो चौकट करून भिंतीवर लावेल. मी करणार नाही. त्यांनी इंग्रजीतच पाठवला. गिऱ्हाइकांचा विश्वास बसायचा म्हणे. बसणारच. गोल शिक्का होता ना!

एका रविवारी जेवणं आटोपून मी कॉम्प्युटरसमोर बसले. पासवर्ड चुकीचा आहे असं आलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मला वाटलं बोटांचा घोळ आहे. म्हणून आधी बोलण्याच्या प्रोग्रॅममध्ये शिरले, म्हटलं मंडळींना सांगावं मी येतेय, थांबा.

हेडफोन कानाला लावला तर पोस्टातली बाई म्हणत होती, "अगं, तू रागावलीस का आमच्यावर? मघापासून विहिरीपाशी उभी आहेस, हाका मारतोय, ओ देत नाहीस."

मी म्हटलं, "मी अजून आत आलेलेच नाही."

मग एक जण म्हणाला, "मग इथं कोण उभं आहे?"

माझ्यासमोर पासवर्डची चौकट, आणि तिकडे माझं पात्र, माझं नाव डोक्यावर घेऊन चालायला लागलं. मला दिसत नव्हतं, पोस्टातली बाई सांगत होती. आता ती बाजाराकडे चाललीय. आता थांबलीय. आता पिशवी उघडलीय. अरे देवा, ती तुझ्या जडीबुट्या जमिनीवर टाकतेय. एकेक करून सगळ्या टाकतेय. तू काही बोल ना तिला! मी काय बोलणार होते? नऊ वर्षांत वेचून, वाळवून, नीट लावून ठेवलेलं सगळं कोणीतरी जागा अडते म्हणून रस्त्यावर ओतत होतं, आणि मी वारज्यात खुर्चीवर बसून ऐकत होते.

भाऊजी त्यांच्या खोलीत घोरत पडले होते. मी दिवा लावला, पंखा बंद केला आणि उशाशी उभी राहिले. माणूस आपोआप जागा होतो.

"माझं अकाउंट कुठाय?"

"अहो वहिनी, मी सांगणारच होतो तुम्हाला."

"कधी?"

"वैद्याचं आणि एवढं जुनं पात्र सध्या मिळत नाही कुठं. गिऱ्हाईक हटूनच बसलं होतं. शिवाय तुम्ही अलीकडे फारसं खेळत नाही असं..."

"गेल्या रविवारी तुम्ही मला कॉम्प्युटरवरून उठवून भजी तळायला लावलीत. दोन घाणे खाल्लेत बसून."

ते उठून बसले. मान खाजवली. आणि मग, जे या घरात कधी ऐकावं लागेल असं मला वाटलं नव्हतं, ते वाक्य बोलले. "असं आहे वहिनी, अकाउंट माझ्या नावावर आहे. मेल माझा, कार्ड माझं."

"पैसे माझे. दर महिन्याला तुमच्या हातावर ठेवले आहेत."

"मग ते भाडं झालं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते हे मला त्या दिवशी कळलं. भाडं! मी आवाज चढवला. सासूबाई जाग्या झाल्या, हेही उठून दारात आले, बनियनवर. यांची नोकरी खडकीच्या फॅक्टरीत, हिशेब खात्यात. तिथं सुतळीच्या गुंडीचं व्हाउचरसुद्धा तीनदा वाचल्याशिवाय हा माणूस सही करत नाही, असा त्यांचा लौकिक. माझी बडबड त्यांनी ऐकून घेतली, आणि हळूच भावाला विचारलं, "अरे, तो परवाचा कागद का? त्याच्यावर मी सही केली तो?"

मी वळून पाहिलं.

"साक्षीदार म्हणून," हे म्हणाले. "क्रमांक दोन."

"वाचलात?"

"त्यात काय वाचायचं? याच्या सगळ्या कागदांवर मीच तर सही करतो."

मी यांना काही बोलले नाही. बोलण्यासारखं फार होतं, म्हणून.

पुढचे काही दिवस मी भाऊजींशी शब्द बोलले नाही. पोळ्या करत होते, वाढत होते, पण वाढताना भांडं टेबलावर कसं आपटायचं हे मला चांगलं येतं. हे आम्हा दोघांच्या मधे पाण्याचा तांब्या सरकवत बसायचे. सासूबाईंचं एकच पालुपद, घरातलं घरात मिटवा. मी म्हटलं, घरातलं घराबाहेर विकताना ही आठवण कोणाला झाली नाही का? त्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि मी पुन्हा वाचायला बसले. या वेळी माझ्यासाठी. जे भाऊजींना धमकी म्हणून सांगितलं होतं, तेच आता मला हत्यार वाटत होतं. कंपनीच्या अटी मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत जर्मनमध्ये वाचल्या. अकाउंट विकता येत नाही. बदली करता येत नाही. बक्षीस देता येत नाही. झकास! म्हणजे विक्री रद्द. विक्री रद्द म्हणजे वस्तू जिथून गेली तिथं परत. पुढे फ्रान्समधल्या एका कोर्टानं ग्राहकाच्या बाजूनं कौल दिला आणि वरच्या कोर्टानं तो फिरवला असंही वाचलं, पण ते नंतर. तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती. मी कंपनीला चांगलं लांब पत्र लिहिलं, क्रियापदं अगदी शेवटी ठेवून. की माझ्या दिरानं माझ्या पाठीमागं, स्वतःच्या नावाचा फायदा घेऊन, मी नऊ वर्षं वाढवलेलं पात्र तिऱ्हाइताला विकलं आहे. तुमच्याच अटींनुसार हा व्यवहार बेकायदा आहे. माझं मला परत करावं.

कंपनीचं उत्तर आलं. अतिशय सभ्य. सभ्यपणे झापणं आपल्यालाच येतं असा पुण्याचा समज आहे, तो मी त्या दिवशी सोडला.

त्यांनी लिहिलं होतं, की आपली तक्रार योग्य आहे, अशी विक्री आम्ही मान्य करत नाही. परंतु आमचा करार आपल्या दिरांशी आहे, आपल्याशी नाही. आपल्याच म्हणण्याप्रमाणे नऊ वर्षं हे अकाउंट आपण वापरत होतात. ते दुसऱ्याच्या नावावरचं असल्यानं तोही नियमभंगच. पहिल्या दिवसापासून. तेव्हा परत देण्याचा प्रश्न येत नाही. आपण हे निवेदन कायम केलंत, तर अकाउंट कायमचं बंद होईल, आणि त्याच कार्डावर उघडलेली इतर अकाउंटंही तपासून बंद करण्यात येतील. निवेदन मागं घ्यायचं असल्यास तसं कळवा, विषय इथंच संपेल. आपली मर्जी कळवावी.

फिर्यादी म्हणून गेले आणि आरोपी होऊन आले. मी ते पत्र परत परत वाचलं, कुठंतरी माझ्या बाजूचं एखादं वाक्य सापडेल म्हणून. नव्हतं. कायद्यानं भाऊजी चोर नव्हतेच. चोर असायला आधी वस्तू माझी असायला हवी होती. मी त्या जागेत नऊ वर्षं चोरून राहिलेली बाई होते.

भाऊजींना वास लागलाच. त्याच संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, आत यायची हिंमत नव्हती. "वहिनी, काय लिहिलंय तुम्ही त्यांना? सगळा धंदा त्या एका कार्डावर आहे माझा. माझ्या पोटावर पाय देऊ नका."

मी पुस्तकातून मान वर केली नाही.

"हे बघा, मी तुम्हाला दुसरं देतो. वैद्याचंच. तुमच्यापेक्षा वरच्या दर्जाचं, तीन घोडे, समुद्रकाठी घर. एका बाईचंच होतं, नीट ठेवलेलं. आत्ता पासवर्ड देतो."

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमचा दात घासायचा ब्रश हरवला आणि मी तुम्हाला शेजाऱ्यांचा आणून दिला, चांगल्यापैकी, नीट ठेवलेला, तर चालेल का?"

ते गेले.

रविवारी मी मंडळाला सगळं सांगितलं. बोलण्याच्या प्रोग्रॅममध्ये मला अजून येता येत होतं. सगळे आपापल्या परीनं चिडले. पोस्टातली बाई म्हणाली, जाऊ दे, तो माणूस माझ्याशी बोलला, वाईट नाही गं. सासूच्या आजारपणात वेळ मिळत नाही, म्हणून तयार पात्र घेतलं म्हणाला. राहू दे त्याला. निदान तुझं नाव आमच्यात हिंडत राहील.

त्यांनी त्या नव्या वैद्यबाईला स्वीकारायला सुरुवात केली होती. माझं नाव, माझा झगा, माझी जागा, आणि आत दुसराच माणूस. आणखी चार रविवार गेले की हाक मारताना कोणी अडखळणारही नाही. पोस्टातल्या बाईचा हेतू चांगला होता, मला कळत होतं, आणि मला तिचाही राग आला. माझ्याशिवाय माझं नाव तिथं हिंडायला नको होतं मला. ते हिंडत असेल तर माझ्यासकट, नाहीतर मुळीच नाही.

सोमवारी मी कंपनीला कळवलं, निवेदन कायम आहे.

कुलूप लागायला वेळ लागला नाही. आधी माझं गेलं. मग गाळ्यातली, त्या कार्डावरची एकूण एक अकाउंटं गेली. पोरं रिकाम्या पडद्यांसमोर बसली होती म्हणे. गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, आणि गोल शिक्क्याचे कागद त्यांना वाचून दाखवण्यात अर्थ नाही, हे भाऊजींना पहिल्यांदा समजलं. गाळा सोडावा लागला.

त्या आठवड्यात एकदा जेवताना त्यांनी ताट पुढं ढकललं. "तुमचंही गेलंच ना वहिनी? माझं बुडवून तुमच्या हाताला काय लागलं?"

"माझं कुठं काय गेलं?" मी म्हटलं. "माझं नव्हतंच ते. नाव तुमचं, कार्ड तुमचं. कोर्टानं सांगितलं, कंपनीनं सांगितलं, तुम्हीही सांगितलंत. जे गेलं ते सगळं तुमचंच गेलं, भाऊजी. मी आपली भाडेकरू. आमटी वाढू?"

सासूबाईंनी डोक्याला हात लावला. भाऊजी उठून हात धुवायला गेले. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. कोणी म्हणेल असं म्हणू नये, तर म्हणोत.

ओटा आवरून मी खोलीत आले, दार लोटलं, आणि मग मात्र मला रडू फुटलं. असं रडू मला वडील गेले तेव्हा आलं होतं. पोस्टातल्या बाईचं हसणं, हसता हसता लागणारा खोकला, "वैद्यबाई आली का?" म्हणून होणारा गलबला, डोंगराच्या वाटेवरच्या गप्पा. त्यातलं काही एक आता माझ्यासाठी नव्हतं. बोलण्याच्या प्रोग्रॅममध्ये शिरता आलं असतं, पण पात्राशिवाय तिथं मी नुसती कान लावून बसलेली बाई. तिकडं कोणीही आता डोंगराकडे निघताना थांबणार नव्हतं. मी पदर तोंडात कोंबला, भाऊजींना ऐकू जाऊ नये म्हणून.

हे आत आले. पलंगाच्या कडेला बसले. यांना रडणाऱ्या माणसाशी काय करायचं हे कधीच समजत नाही, माझ्या पाठीवर नुसता हात ठेवून बसले. वाईट माणूस नाही. भावावर आवाज चढवणं तेवढं जमत नाही. मग यांना काहीतरी सुचलं. चेहरा उजळला.

"अगं, एवढं काय त्यात? नवीन काढू आपण. बँकेनं मला परवाच ते परदेशी चालणारं कार्ड दिलंय." उठून उत्साहानं पाकीट काढलं. "माझ्या नावावर काढू. पाच मिनिटांचं काम!"

मी डोळे पुसले आणि यांच्याकडे पाहिलं. गंमत नव्हती, मनापासून म्हणत होते. इतके दिवस घरात काय चाललंय हे बघून, ऐकून, साक्षीदार क्रमांक दोन म्हणून सही करून, माझं दुःख हलकं करायला यांनी हे शोधून काढलं होतं. भाऊजींचा मला कधी आला नसेल इतका राग त्या क्षणी मला यांचा आला.

"अहो," मी म्हटलं, "ते पाकीट खिशात ठेवा, आणि दिवा घालवून बाहेर जा."